पाच घरची बाळी

छप्पन सालच्या भाद्रपदात, गणपती बसण्याच्या थोडं आधी, ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या भाड्याच्या घरात माझ्या उजव्या कानाच्या वरच्या कडेला भोक पाडून त्यात भिकबाळी घालण्यात आली. पितृपक्षात तो कान सडला. घटस्थापनेच्या आधी बाळी कापून काढावी लागली. कानाचा वरचा भाग गेला. ऐकू नीट येतं.

ग्वाल्हेरचा भाद्रपद पाऊस संपत आल्याचा असतो, पण कोरडा नसतो. भिंती ओल सोडतात, कपाटातल्या कपड्यांवर बुरशीचे ठिपके येतात, आणि दुपारचं ऊन असं पडतं की नाल्यांतला चिखल शिजल्यासारखा वास देतो. इथे त्याला उमस म्हणतात. उमस आली की माशा येतात. माशी अंगावर बसली की माझा हात अजूनही आधी उजव्या कानाकडे जातो.

यंदा या दिवसांत माझी नात सई कान टोचून आली. खाली नाही, वर, त्याच कडेला. बाड्याच्या चौकाजवळच्या एका दुकानातल्या बाईनं पोकळ सुईनं टोचलं म्हणाली. केस बाजूला करून माझ्यासमोर बसली आणि मोबाइलचा दिवा माझ्या हातात दिला.

"आजोबा, देखो ना ज़रा, मागून लाल झालंय का? पस तो नहीं है?"

पू नव्हता. पोलादी मण्याभोवती पिवळट पापुद्रा होता, साखरेचा पाक वाळावा तसा. वासही नव्हता. तरी मी श्वास रोखून पाहत होतो, आणि ते तिच्या लक्षात आलं.

"इतकं काय तोंड करताय! नाश्ता नाही सांगत करायला त्याचा."

तिच्याकडे मिठाच्या पाण्याची बाटली आहे. सकाळ-संध्याकाळ फवारा मारते, कागदानं टिपते, त्या कुशीवर झोपत नाही. मी विचारलं, "फिरवायची नाही का?"

"बिलकुल नाही. फिरवली की आतली नवी कातडी फाटते. आणि वरच्या कडेला रक्त कमी पोचतं ना, मग भरायला महिनोन् महिने लागतात."

आमच्याकडे फिरवत असत. सकाळी एकदा, दिवेलागणीला एकदा.

भिकबाळी दरबारी लोकांच्या कानात मानाची म्हणून असे. आमच्या घरात तिचा अर्थ जुना होता. माझ्या आधीचे दोन भाऊ पाळण्यातच गेले. माझ्या वेळी आईनं देवीला नवस बोलला: हा जगला तर पाच घरची भीक मागून आणलेल्या सोन्याची बाळी याच्या कानात घालीन. भिकेचं पोर म्हटलं की मृत्यूलाही त्याची किंमत वाटत नाही, असा त्यामागचा हिशेब. मी जगलो. नवस मात्र राहिला, कारण वडिलांना तो पसंत नव्हता. त्यांना आम्ही नाना म्हणत असू. नाना दफ्तरातले माणूस. "माझा मुलगा झोळी घेऊन फिरणार नाही," एवढं बोलून ते विषय संपवत.

मग संस्थान गेलं. मध्यभारत झाला. राजधानी अर्धं वर्ष ग्वाल्हेर आणि अर्धं वर्ष इंदूर. नाना दर उन्हाळ्यात फायलींच्या पेट्यांबरोबर इंदूरला जात आणि हिवाळ्यात पेट्यांबरोबर परत येत. ओळखीची घरं एकेक करून रिकामी होत गेली. कोणी पुण्याला मुलाकडे गेलं, कोणी बडोद्याला, कोणी इंदूरलाच राहिलं. छप्पन साली कळलं की मध्यभारतही मोडणार, नवा मध्यप्रदेश होणार आणि कचेरी भोपाळला जाणार. नाना जागेची सोय पाहायला पुढे गेले. मागे आईनं बोटांवर घरं मोजली. सोनं मागता येईल अशी ओळखीची नेमकी पाच घरं लष्करात उरली होती. भोपाळला एकही नव्हतं.

कान टोचायचा तो थंडीत, माघात, हे आईला माहीत होतं. पण माघापर्यंत आम्ही इथे नसणार होतो. पाचव्या घराचाही भरवसा नव्हता.

मी चौदा वर्षांचा होतो. मिसरूड फुटू लागलं होतं. आईनं मला पंचा नेसवला, कोऱ्या मांजरपाटाची झोळी खांद्याला दिली आणि भर दिवसा रस्त्यावर काढलं. मुंजीत भिक्षा मागितली होती, पण तेव्हा सगळे हसत होते आणि झोळीत लाडू पडत होते. या वेळी कोणी हसलं नाही, हे जास्त वाईट होतं. कोपऱ्यावरचा पानवाला आईला आदरानं नमस्कार करून मागे कोणाला तरी म्हणाला, "रियासत क्या गई, झोली आ गई!" आई ऐकून न ऐकल्यासारखी चालत राहिली.

या भिकेचा एक नियम होता. देणाऱ्या बाईनं मूठ बंद करून झोळीत टाकायचं. काय टाकलं ते घेणाऱ्यानं पाहायचं नाही. झोळी तशीच सोनाराकडे जायची आणि त्यानं सगळं एकत्र वितळवायचं. कोणाचं किती, हे कोणाला कळू नये म्हणून हा नियम. चार घरं झाली. प्रत्येक ठिकाणी बाई आत जाई, ट्रंक उघडल्याचा आवाज येई, मग बराच वेळ काहीच आवाज येत नसे. मला त्या शांततेची किळस आली. गुंजभर सोनं द्यायला त्यांना किती शोधावं लागत होतं, ते दारात उभं राहून ऐकावं लागत होतं.

पाचवं घर अक्कासाहेबांचं. दौलतगंजात. त्यांचे यजमान दरबारच्या फरासखान्याचे कारभारी होते; तंबू, कनाती, गालिचे यांचं ते खातं. खातं बंद झालं तरी लोक त्यांना कारभारीच म्हणत. लष्करात या घराविषयी एकच बोललं जाई: यांच्या सोन्याला आणि शब्दाला बट्टा नाही. लग्नं जुळवताना लोक अक्कासाहेबांना मध्ये घालत, कारण त्यांनी सांगितलेलं खरं धरलं जाई.

अंगणात दोरीवर कारभाऱ्यांचा दरबारी कोट वाळत घातला होता. भादव्याच्या उन्हात असे कोट वर्षातून एकदा बाहेर येत. जरीला कसर लागली होती आणि दोन सोनेरी बटणांच्या जागी नुसते दोरे लोंबत होते. आईनंही ते पाहिलं. अक्कासाहेब आतून आल्या, मूठ झोळीत उघडली, माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"शतायुषी हो. आणि रडू नकोस टोचताना. पुरुष माणसाचं रडं फार कर्कश असतं."

सोनार घरी आला. त्यानं कानाच्या कडेवर कुंकवाचा ठिपका दिला, दूर होऊन पाहिला, पुसला, पुन्हा दिला. माझ्या तोंडात गुळाचा खडा कोंबला. खालची पाळी टोचताना फक्त कळ येते. वरच्या कडेला आवाज येतो. तो बाहेर कोणाला ऐकू जात नाही, पण आत, कवटीत, काकडी दाताखाली यावी तसा करकरतो. गुळाची चव आणि तो आवाज माझ्यासाठी एकच झाले. मी पुढे कधी गूळ खाल्ला नाही.

बाळी सुबक होती. तारेत दोन मोती आणि मध्ये लाल खडा. आईनं दृष्ट काढली. पहिले काही दिवस सगळं ठीक दिसलं. खोबरेल तेलात हळद कालवून आई ती बाळीला लावी आणि बाळी पुढे-मागे फिरवी. तारेवर वाळलेली खपली फिरवताना भोकातून आत ओढली जाई. तिचा खरखरीत स्पर्श मला कळत असे. आई म्हणे, "फिरली म्हणजे धरली नाही. धरली नाही म्हणजे बरं आहे."

गणपती उठले आणि कान धरला.

आधी तो गरम झाला. मग लाल, मग चकचकीत, मग सुजून डोक्यापासून वेगळा उभा राहिला. शेजारणी येऊन उपाय सांगू लागल्या आणि आईनं सगळे केले. कडुनिंबाचा पाला वाटून लावला. लसणीचं तेल सोडलं. कोणी गोवरीची राख सांगितली, तीही लावली. हे सगळं हळदीत मिसळून एक लगदा झाला आणि त्या लगद्याखालून पू येऊ लागला. सकाळी उशीचा अभ्रा कानाला चिकटलेला असे. आई कोमट पाण्यानं तो भिजवून सोडवी, आणि सुटताना जे सुटे त्याच्याकडे न पाहता मी छताकडे पाही. पू आधी पिवळा होता. मग हिरवट झाला. त्याला गोड वास होता. सडण्याचा वास घाण असेल तर माणूस सहन करतो. गोड असला की सहन होत नाही. पितृपक्ष होता, घराघरांतून खिरीचा वास येत होता, आणि मला माझा कान कोणता आणि खीर कोणती ते कळेनासं झालं.

शाळेत मी कानटोपी घालून गेलो. उमसेत कानटोपी. शेजारी बसणारा मुलगा नाक धरून उठला आणि वर्गाला ऐकू जाईल असं म्हणाला, "मास्साब, इसका कान मर गया है!" वर्ग हसला. मास्तरांनी मला खिडकीपाशी बसवलं, मग दाराबाहेर, मग घरी पाठवलं. वाटेत दोन माशा टोपीवर बसून घरापर्यंत आल्या.

आईनं बाड्यावरच्या डॉक्टरांना घरी बोलावलं. त्यांनी टोपी काढली, लगदा पुसला, बोटानं कान दाबला. आत काहीतरी पाण्यासारखं सरकलं. ते हात धुवायला मोरीत गेले आणि तिथूनच बोलले.

"बहनजी, बाली अभी निकालनी पड़ेगी. मवाद हड्डी के ऊपर बैठ गया है. इंजेक्शन दूँगा, मगर बाली रहते फ़ायदा नहीं."

"नहीं निकाल सकते," आई म्हणाली.

"कान गल जाएगा."

"गलने दो."

डॉक्टरांना वाटलं त्यांना नीट ऐकू आलं नाही. आईनं पुन्हा तेच सांगितलं आणि मग मराठीत, माझ्याकडे पाहत, बोलत राहिली. दोन गेले. तिसऱ्याला या बाळीनं धरून ठेवलंय. कान गेला तर कानच जाईल. बाळी काढली तर हा जाईल. डॉक्टरांना निम्मं समजलं. ज्वर वाढला, बेशुद्धी आली तर कानाचा प्रश्न राहणार नाही, विष डोक्यात जाईल, असं ते म्हणाले, सुई दिली आणि गेले. नानांना तार करावी असं आईच्या मनात आलं नाही. नाना काय म्हणतील ते तिला माहीत होतं.

त्या संध्याकाळी ज्वर वाढला. आई बाळी फिरवायला आली. बाळी फिरेना. तिनं तेल सोडलं आणि पुन्हा जोर केला. मी जे ओरडलो ते गल्लीत ऐकू जाऊन दौलतगंजापर्यंत पोचलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी अक्कासाहेब आल्या.

उंबऱ्यातच त्यांनी पदर नाकाला लावला. मग लगेच काढला, जणू तो लावणं अशिष्ट झालं. माझ्या उशाशी बसून त्यांनी कान पाहिला. पुष्कळ वेळ पाहिला. इतका वेळ त्याच्याकडे आतापर्यंत कोणी पाहिलं नव्हतं, डॉक्टरांनीही नाही.

"कमल, काढ ती."

"अक्कासाहेब, तुम्ही तरी नका सांगू. दोन गेले माझे. तुम्हीच पाळणे बांधायला आला होतात."

"म्हणूनच सांगते."

"पाच घरची आहे. काढली तर नवस मोडतो."

"पाच घरची असेल तर मोडतो ना?"

अक्कासाहेबांनी पदर खांद्यावर नीट घेतला.

"ती चार घरची आहे. माझ्या मुठीत सोनं नव्हतं. कारभाऱ्यांच्या कोटाचं बटण होतं. मुलाम्याचं पितळ."

"काहीतरीच बोलू नका."

"कोट बघितलास ना दोरीवर? दोन बटणं नाहीत त्याला. दाराशी आलीस, नाही कसं म्हणू? सोनाराला मी गप्प राहायला सांगितलं. त्यानं वितळवून टाकलं सगळ्यात."

"शपथ घ्या."

"शपथ कशाला हवी? डोळे आहेत ना तुला?" त्यांनी माझ्या कानाखालचा फडका उचलून आईच्या तोंडासमोर धरला. "हे हिरवं कुठून आलं? सोन्याला कधी हिरवं सुटतं? पितळेला सुटतं. कळकलंय ते पोराच्या कानात."

आईनं फडक्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर तेव्हा जे आलं ते मी नंतर कधी पाहिलं नाही. माझ्या कानाची तिला एवढे दिवस किळस वाटली नव्हती. फडके ती हातानं धूत होती. ती सगळी किळस त्या क्षणी बाहेर आली आणि अक्कासाहेबांवर गेली.

"माझ्या लेकराच्या कानात पितळ घातलंत? तुम्ही? एवढं मोठं घर म्हणून शेवटी तुमच्या दारी आले मी!"

"हो."

"चालत्या व्हा. आणि या घरचं पाणी पिऊ नका पुन्हा."

अक्कासाहेब उठल्या. दारात वळून म्हणाल्या, "मला मग शिव्या दे. आधी डॉक्टरांना बोलाव." आणि गेल्या.

डॉक्टर आले. तार मांसात रुतून दिसेनाशी झाली होती. त्यांनी सूज चिरली, बारीक पकडीनं तार दोन ठिकाणी कापली आणि तुकडे ओढून काढले. वाटीत जे पडलं त्यात पू होता, रक्त होतं, आणि पांढरट मऊ चकत्या होत्या. मी विचारलं हे काय. डॉक्टर म्हणाले, "तेरा कान." वाटी आईच्या हातात होती. तिनं ती सांडली नाही.

ज्वर उतरला. कान भरायला दिवाळी उजाडली. वरचा भाग आत वळून कोरड्या आवळकाठीसारखा झाला. नव्या राज्याच्या पहिल्या महिन्यात आम्ही भोपाळला गेलो. स्टेशनवर नाना उतरवून घ्यायला आले, माझा कान पाहिला आणि सामान मोजू लागले. अजूनही माझ्या चष्म्याची उजवी काडी त्या बाजूला टिकत नाही. दोऱ्यानं बांधावी लागते. न्हाव्यानं प्रत्येक वेळी विचारायचं आणि मी प्रत्येक वेळी सांगायचं नाही, असा क्रम आहे.

सोनाराला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर गोष्ट सराफ्यात गेली असती आणि आमची झोळीही त्यात आली असती. पण ती बायकांत गेली, आणि त्या मानानं लवकर गेली. नोकरीनिमित्त मी पुढे ग्वाल्हेरला परत आलो तेव्हा अक्कासाहेबांच्या घराला मुलाम्याचं घर म्हणत असत. लग्नं जुळवायला त्यांना कोणी बोलावत नसे. हळदीकुंकवाला त्यांनी दिलेलं वाण बायका घरी नेऊन मोलकरणीला देत. हे मी ज्या बायकांकडून ऐकलं त्या हसून सांगत होत्या. अक्कासाहेबांनी याचा खुलासा केल्याचं कोणाच्या ऐकिवात नाही. त्या लष्करातच वारल्या.

आई अखेरपर्यंत त्यांचं नाव घेत नसे. नवस तिनं देवीची ओटी भरून आणि माफी मागून मिटवला. बाळीचे तुकडे मात्र तिला कुठे टाकता येईनात. खोटी म्हणून देवीला वाहता येईना, खोटी म्हणून विकताही येईना, आणि माझ्या रक्तामांसातली म्हणून फेकवेना. ते एका कुंकवाच्या करंड्यात राहिले. भोकाच्या जागी तार होती तिथे काळा कीट तसाच होता. आईनंतर करंडा माझ्याकडे आला. मी तो उघडत नसे.

सईनं तो उघडला.

"आजोबा, ये तो बाली है! भिकबाळी! सगळे घालून राहिले आजकाल. मला द्या ना, कान भरला की घालीन."

"खोटी आहे. पितळ आहे त्यात. कान सडेल."

"कोणी सांगितलं?"

मी सांगितलं. हे सगळं, वाटीसकट. ती मध्येच म्हणाली, "छी!" आणि करंडा दूर सरकवला. मग थोड्या वेळानं पुन्हा जवळ ओढला.

"पण हिरवा पस तर असाच येतो, आजोबा. त्या बाईनं सांगितलंय, हिरवा दिसला तर सरळ डॉक्टर. मला तर स्टील घातलंय. धातूचा काय संबंध?"

दुसऱ्या दिवशी आम्ही सराफ्यात गेलो. दुकानदार तरुण होता. त्यानं तुकडे चिमट्यानं उचलले, कीट पाहून नाक मुरडलं आणि विचारलं, "बाबूजी, इसमें लगा क्या है?" सई म्हणाली, "दादाजी." त्याला विनोद कळला नाही. त्यानं तुकडे उकळत्या पाण्यात टाकले, ब्रशनं घासले आणि एका लहान यंत्रात ठेवले. कोणता धातू किती, ते यंत्र पडद्यावर दाखवतं. तार न कापताच कळतं.

सोनं आलं. थोडी चांदी, थोडं तांबं.

"बढ़िया माल है," तो म्हणाला. "पुराना सोना है."

मी म्हटलं यात पितळ आहे. दरबारी कोटाचं एक बटण यात वितळवलंय.

"पीतल होता तो जस्ता दिखाता, बाबूजी. पीतल बिना जस्ते के बनता ही नहीं. पूरा बटन गला हो तो छुपेगा कहाँ?"

मी दुसरा तुकडा ठेवायला सांगितलं. त्यानं ठेवला. जस्त आलं नाही. मी पहिला तुकडा उलटा करून पुन्हा ठेवायला सांगितलं. तेव्हाही जस्त आलं नाही.